अतीतला बंद पडलेली गाडी : फोन घेणाऱ्या एआयबरोबरचा माझा अनुभव

साताऱ्यात मी गाडी जिथे बंद पडली असेल तिथे जाऊन ती दुरुस्त करून देण्याचा व्यवसाय करतो. माझे गॅरेज नाही. जॅक, पान्हे, जंपर केबल आणि हवा भरायचा लहान कॉम्प्रेसर ठेवलेली एक जुनी व्हॅन हेच माझे दुकान आहे. या धंद्यात फोन वाजतो तेव्हा मी बहुधा दुसऱ्याच कोणाच्या तरी गाडीखाली आडवा झालेला असतो आणि हात ग्रीसने माखलेले असतात. हायवेच्या कडेला बायकामुलांसह उभा असलेला माणूस माझ्या उत्तराची वाट पाहत बसत नाही, तो लगेच दुसऱ्या मेकॅनिकचा नंबर फिरवतो. पूर्वी माझी पत्नी घरून फोन घेत असे, पण ती बालवाडीत शिकवायला जाऊ लागल्यावर सकाळचे सगळे फोन वाया जाऊ लागले, म्हणून मी एआयने फोन घेणारी एक सेवा महिना ठरवून घेतली.

पहिली अडचण फोन तिकडे वळवण्याची होती. एका मित्राने सांगितलेला *४०१# हा कोड चालेना. फसवणुकीच्या प्रकारांमुळे दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून अशा कोडने कॉल वळवण्याची सोय बंद करायला लावली आहे, हे तेव्हा कळले. मग फोनच्या सेटिंगमध्ये जाऊन मी 'उत्तर न दिल्यास' हा पर्याय भरला आणि काम झाले असे समजलो. प्रत्यक्षात लाइन व्यस्त असताना आणि फोन रेंजबाहेर असताना कॉल वळवण्याचे पर्याय वेगळे असतात आणि ते स्वतंत्रपणे भरावे लागतात. यवतेश्वरचा घाट चढून मी कासच्या बाजूला एका कामाला गेलो तेव्हा रेंज गेली, आणि त्या दोन तासांतला एकही फोन यंत्रापर्यंत पोहोचला नाही.

भाषेची अडचण याहून मोठी निघाली. यंत्राची पहिली वाक्ये बँकेतल्या सूचनेसारखी होती; "मी आपली काय सहाय्यता करू शकते?" हे ऐकून निम्मे लोक जाहिरातीचा फोन समजून ठेवून देत. त्या जागी "बोला, गाडी कुठं थांबलीय?" एवढेच घातल्यावर लोक बोलू लागले. पण आमच्याकडची माणसे "गाडी उचलंना" म्हणतात तेव्हा तिला पिकअप नाही असा अर्थ असतो. यंत्राने मात्र दोनदा "वाहन उचलण्यासाठी क्रेन हवी" अशी नोंद केली. "सेल्फ मारतोय पण घेत नाही", म्हणजे स्टार्टर फिरतो पण इंजिन चालू होत नाही, या वाक्याचे तर त्याने काय केले ते लिहिण्यासारखे नाही.

सर्वांत महागात पडलेली चूक वेगळीच होती. नागठाण्याच्या पुढे हायवेवर अतीत नावाचे गाव आहे. एका गृहस्थांनी फोनवर सांगितले होते, "अतीतला गाडी बंद पडलीय, फॅन बेल्ट तुटलाय." माझ्या मोबाइलवर आलेल्या सारांशात लिहिले होते : "ग्राहकाची गाडी भूतकाळात बंद पडली होती, बेल्टबाबत चौकशी." जुनी चौकशी दिसते, सावकाश फोन करू, असे म्हणून मी हातातले काम संपवले. सव्वा तासाने फोन केला तेव्हा ते गृहस्थ उन्हात उभे राहून इतके तापले होते की इंजिन त्यांच्यापेक्षा थंड असावे. मी क्षमा मागितली, पण ते काम दुसऱ्याने केले होते.

त्या रात्री पत्नीने आणि मी वही घेऊन यादी केली. एका बाजूला अतीत, लिंब, काशीळ, शेंद्रे, वाढे फाटा, सुरूर अशी नावे आणि "हे गावाचे नाव आहे" अशी सूचना. दुसऱ्या बाजूला बॅटरी उतरली, गाडी मिसिंग करते, क्लच घसरतो असे शब्दप्रयोग आणि त्यांचे अर्थ. ज्या गोष्टी मला फोनवर क्षणात कळतात त्या लिहून काढायला तीन संध्याकाळी गेल्या. मोबाइल नंबरचेही तसेच झाले. कोणी "एकोणनव्वद" म्हणतो, कोणी "डबल सेव्हन", आणि यंत्र नव्व्याण्णव लिहून मोकळे होते. आता ते एकेक आकडा विचारते आणि परत वाचून दाखवते.

काही बाबी मी त्याच्याकडून काढून घेतल्या. एकदा त्याने एका बाईंना "मेकॅनिक वीस मिनिटांत पोहोचेल" असे परस्पर सांगून टाकले, तेव्हा मी वाईत होतो आणि त्या उंब्रजला. तेव्हापासून वेळ आणि दुरुस्तीचा खर्च मीच सांगतो. यंत्र फक्त येण्याजाण्याचा ठरलेला आकार सांगते. अपघात, धूर किंवा आग असे शब्द आले की त्याने प्रश्न विचारत न बसता ११२ वर फोन करायला सांगायचे. गाडी महामार्गाच्या लेनमध्ये अडकली असेल तर १०३३ ही महामार्गाची हेल्पलाइन सांगायची आणि सर्वांना गाडीतून उतरून रेलिंगच्या पलीकडे उभे राहायला सांगायचे. खंबाटकी घाटात रात्री उभी राहिलेली गाडी मी पाहिली आहे, त्यामुळे या एका बाबतीत मी कंपनीशी बराच वाद घातला.

आता दिवसा न घेतलेले बहुतेक फोन नोंदीसह माझ्याकडे येतात आणि हात पुसून मी दहा मिनिटांत उलट फोन करतो. जुने गिऱ्हाईक असलेले कोरेगावकडचे एक आजोबा मात्र यंत्राचा आवाज ऐकताच "ताई, मालकास्नी द्या" एवढेच म्हणत राहतात. त्यांना मी पत्नीचा नंबर देऊन ठेवला आहे.