हजेरी

आमच्या खालच्या मजल्यावर राहणाऱ्या लोलाचा आठवडा देवांनी आपसांत वाटून घेतला आहे. बुधवार बाक्लारानच्या निरंतर साहाय्यमातेचा, शुक्रवार कियापोच्या काळ्या नाझरेनचा, म्हणजे क्रूस वाहणाऱ्या काळ्या येशूमूर्तीचा, रविवार घराजवळच्या चर्चमधल्या मिस्सेचा. मधल्या दिवसांत रक्तदाबाची गोळी, बाजार, नातवाची शाळा आणि माणसं. माणसांना वार ठरलेला नाही, ती रोज लागतात. फिलिपिन्समध्ये आजीला लोला म्हणतात. चौऱ्याहत्तरीच्या या बाईला गल्लीत कोणीही दुसऱ्या नावाने हाक मारत नाही, मासळीवालासुद्धा. शाळेतून येणारं पोर ओळखीचं असो वा नसो, तिच्यापुढे थांबतं, तिचा हात उचलून आपल्या कपाळाला लावतं आणि पळतं. एवढ्याने लोलाचं बोलणं तुटत नाही. हात तेवढा पुढे होतो.

मी वसईची. नवऱ्याच्या नोकरीपायी मनिलाला आले आणि घर मिळालं ते केसॉन सिटीच्या सान फ्रान्सिस्को देल मोंते भागात. एवढं लांबलचक नाव घ्यायला कोणाला वेळ आहे, सगळे फ्रिस्को म्हणतात. इथलं जुनं चर्च सान पेद्रो बाउतिस्ताच्या नावाचं. या फ्रान्सिस्कन संन्याशाने १५९० मध्ये इथे मठ घातला. १५९३ मध्ये तो जपानला निघाला तेव्हा दुभाषा म्हणून त्याच्यासोबत होता आमचा गोन्सालो गार्सिया. वसईत जन्मलेला, मनिलात फ्रान्सिस्कन झालेला. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत सव्वीस जणांना क्रुसावर चढवलं, त्यांत हे दोघेही होते. मी हे सगळं लोलाला जरा तोऱ्यातच सांगितलं. कुठे वसई, कुठे फ्रिस्को, आणि चारशे वर्षांपूर्वीच आमची माणसं एकमेकांच्या ओळखीची! लोलाने शेंगा निवडता निवडता ऐकलं आणि विचारलं, “त्याची आई होती का तेव्हा? तिला कोणी कळवलं?”

वसईला कॅटेकिझमच्या, म्हणजे धर्मशिक्षणाच्या, वर्गात हा प्रश्न कधी निघाला नव्हता. आम्हाला शौर्य शिकवलं, तारखा शिकवल्या. लोलाला मागे राहिलेल्यांची काळजी.

तिची रोझरीही तशीच. मणी लाकडाचे, झिजून गुळगुळीत झालेले, आणि प्रत्येक मण्यावर एक माणूस बसवलेला. दहा-दहा मण्यांच्या पाच दशकांच्या पन्नास नमो मरिया म्हणजे पन्नास जागा, इतका सरळ हिशेब. यादी असते औषधांच्या पुस्तिकेत. साठी ओलांडलेल्यांना इथे औषधांवर वीस टक्के सूट मिळते आणि खरेदीची नोंद करायला २०२४ पर्यंत एक छोटी पुस्तिका लागायची. तिच्या मागच्या पानांवर लोलाने बारीक अक्षरात नावं लिहिली आहेत आणि नावापुढे कारण. ‘व्हिसा.’ ‘परीक्षा.’ ‘दारू.’ दारूवाले तिघे आहेत, त्यांतले दोघे सख्खे भाऊ. दुकानातल्या मुलीने एकदा त्याच पानावर गोळ्यांची नोंद करून टाकली, तर लोलाने रागावायचं सोडून तिचं नाव विचारलं आणि तिलाही यादीत घेतलं. कारण काय लिहिलं, ते मात्र दाखवलं नाही.

माझ्या सासूबाई या यादीत ‘वसई, गुडघे’ अशा नोंदल्या गेल्या आहेत. गुडघ्यांत फारसा फरक नाही. पण फोनवर सासूबाई आता माझ्याआधी लोलाची चौकशी करतात.

व्हिसा आला की त्या माणसाची जागा रिकामी होते आणि नवीन माणूस बसतो. त्याने पुढची प्रार्थना आपली आपण करावी, असं लोलाचं मत. मेलेल्यांची नावं खोडत नाहीत, ती नोव्हेंबरकडे जातात. १ नोव्हेंबरला अख्खं कुटुंब कबरस्तानात मुक्कामाला जातं. भाताचे डबे, घडीच्या खुर्च्या, मेणबत्त्या, थर्मासमधली कॉफी. कबरीवर फुलं आणि शेजारी पत्त्यांचा डाव. माझ्या वसईकर मनाला पत्ते जरा खटकले. लोला म्हणाली, नवऱ्याला पत्ते आवडायचे, रडणं आवडायचं नाही.

आता गल्लीतल्या पाहुणीबद्दल सांगायला हवं. फातिमामातेची हातभर उंचीची मूर्ती, काचेच्या लाकडी पेटीत. ती आठवडाभर एका घरी राहते, मग संध्याकाळी मेणबत्त्या घेऊन, गाणं म्हणत, मिरवत पुढच्या घरी जाते. आपल्याकडच्या वाचकांना गौरी आठवतील. फरक एवढाच की ही तीन दिवसांत परत जात नाही, दर आठवड्याला नवं घर गाठते. वसईत आम्ही गावच्या क्रुसापुढे जमतो, इथे मूर्तीच घरोघर फिरते. आणि मूर्ती घरी येते म्हणजे तिच्यामागे सगळी गल्ली घरात येते, हे लक्षात घ्यावं. बारांगायच्या, म्हणजे वॉर्डाच्या, कचेरीतून प्लास्टिकच्या पांढऱ्या खुर्च्या येतात. यजमानीण मोठ्या कढईत पनसित करते. ह्या तांदळाच्या शेवया कापायच्या नसतात, आयुष्य तुटतं. मग तागालोगमध्ये रोझरी. पुढची बाई अर्धी प्रार्थना म्हणते, उरलेली अर्धी सगळ्यांनी म्हणायची. मला भाषा बेताचीच येते, पण कुठे श्वास घ्यायचा आणि कुठे सूर खाली आणायचा ते जन्मापासून ठाऊक आहे. सुरुवातीच्या दिवसांत या गल्लीत मी न अडखळता बोलले असेन तर तेवढंच.

प्रार्थना अर्ध्या तासात आटोपते. खरी बैठक नंतर असते. लोला आणि तिच्या तीन मैत्रिणी एकमेकींना ‘मारे’ म्हणतात. एकीच्या मुलाची दुसरी गॉडमदर, दुसरीच्या मुलीची तिसरी, अशी चौघींची वीण आहे आणि ती बाप्तिस्म्याच्या वेळीच घट्ट झालेली. चौघी दाराजवळच्या खुर्च्या धरतात, तिथून येणारेजाणारे दिसतात. कोण आलं नाही याची मोजणी तिथेच होते. जो आला नाही त्याच्या घरी पनसितची ताटली फॉइल लावून जाते आणि ती नेणारं पोर परत येताना बातमी आणतं. ताप आहे. भांडण झालंय. दार उघडलंच नाही, पण टीव्ही चालू होता. त्या ताटलीला नाही म्हणणं कोणाला जमत नाही. कोपऱ्यावरचा एकटा राहणारा निवृत्त शिक्षक देवाधर्माच्या वाटेला जात नाही, पण एका संध्याकाळी ताटली तशीच परत आली तेव्हा चौघी उठल्या. शिक्षक न्हाणीत पडलेला सापडला, खुब्याचं हाड मोडून. तेव्हापासून तो दर आठवड्याला येतो आणि मागच्या रांगेत वर्तमानपत्र वाचत बसतो. त्याला कोणी रोझरी म्हणायला सांगत नाही. हजर आहे, झालं.

मूर्ती आमच्याकडे यायची होती तेव्हा लोला आदल्या दिवशी वर आली आणि घर तपासून गेली. इथे नको, पंख्याचा वारा लागेल. तिथे नको, स्वयंपाकघराचा धूर जाईल. मी नारळाच्या वड्या करणार म्हटल्यावर तिने एक वडी तोंडात टाकली, विचार केला आणि म्हणाली, “छान आहेत. पनसितही कर.”

शुक्रवारी कियापोला मी कधीकधी तिच्यासोबत जाते. काळ्या नाझरेनचं चर्च आणि त्याला लागून प्लाझा मिरांडा. आत गुडघ्यांवर सरकत वेदीकडे जाणारी माणसं. बाहेर रंगीत मेणबत्त्या, झाडपाल्याची औषधं, ताईत, आणि पत्ते मांडून भविष्य सांगणाऱ्या बायका. नोकरीसाठी एका रंगाची मेणबत्ती, प्रेमासाठी दुसऱ्या. फादर या सगळ्यावर काय म्हणत असतील ते असो, लोला दोन्हीकडे थांबते. मुलं सांपागिताच्या माळा विकत असतात. सांपागिता म्हणजे आपला मोगराच. इथे तो देवासाठी, नाहीतर जीपनीच्या, म्हणजे इथल्या प्रवासी जीपच्या, आरशाला. मी सवयीने गजरा म्हणून केसांत माळला तर लोला बघतच राहिली. पुढच्या शुक्रवारी तिने दोन माळा घेतल्या, एक नाझरेनला आणि एक माझ्या हातात दिली.

बाक्लारानला बुधवारची नोव्हेना, म्हणजे मातेची सामुदायिक प्रार्थना, १९४८ पासून चालू आहे. तिथे लोक मातेला पत्रं लिहितात, मागण्याची आणि आभाराची, आणि त्यांतली काही नोव्हेनाच्या वेळी मोठ्याने वाचली जातात. लोलाने मुलीचा हाँगकाँगचा करार वाढावा म्हणून पत्र टाकलं होतं. ते काही वाचलं गेलं नाही. तिला त्याचं काही वाटलं नाही. पत्र ज्याला लिहिलं त्याने वाचलं म्हणजे झालं, माइकवर कशाला?

ही मुलगी हाँगकाँगला एका घरी कामाला आहे. तिथली मुलं ती सांभाळते आणि तिचा मुलगा इथे लोला सांभाळते. यावर मी काही बोलायला गेले की लोला विषय बदलते, म्हणून मीही बोलत नाही. रविवारी मुलीला सुटी. हाँगकाँगच्या मध्यवस्तीत हजारो फिलिपिनो बायका त्या दिवशी पुठ्ठे अंथरून फूटपाथवर बसतात, डबे उघडतात, केस विंचरतात, घरी फोन लावतात. लोला मिस्सेहून येऊन फोन भांड्यांच्या रॅकला टेकवून ठेवते. बोलणं थोडं होतं. ती इकडे मासे साफ करते, मुलगी तिकडे मैत्रिणींत जेवते आणि फोन चालूच असतो. मध्येच लोला स्क्रीनवर डोकावते. “ती लाल टी-शर्टवाली कुठे आहे आज?” पुठ्ठ्यावरच्या बायकांचीही हजेरी लागते. लाल टी-शर्टवाली यादीत आहे, कारण ‘मालकीण’.

मुलीकडून समुद्रमार्गे मोठं खोकं येतं तेव्हा घराला सणाचं रूप येतं. कॉर्न्ड बीफचे डबे, साबण, चॉकलेटं, लोशन, टॉवेल. टॉवेल वापरायचे नसतात. ते कपाटात जातात, पाहुण्यांसाठी. आतापर्यंत आलेला कुठलाच पाहुणा तेवढ्या योग्यतेचा ठरलेला नाही. चॉकलेटं मात्र त्याच संध्याकाळी गल्लीभर वाटली जातात.

आता त्या मैत्रिणीबद्दल, जी या चौघींत बसत नाही. लोला आणि ती तरुणपणी मारिकिनातल्या बुटांच्या कारखान्यात एका बाकावर तळवे शिवत होत्या. मैत्रीण इग्लेसिया नी क्रिस्तोची. हा पंथ फिलिपिन्समध्येच १९१४ मध्ये नोंदला गेला. त्यांना मूर्ती चालत नाही, ख्रिसमस चालत नाही, जुगार चालत नाही, आणि रक्त घातलेलं खाणं तर अजिबात नाही, त्यामुळे लोलाच्या हातचं दिनुगुआन, डुकराच्या रक्तातलं ते काळं कालवण, तिने जन्मात चाखलेलं नाही. लोला तिच्यासाठी वेगळं पातेलं ठेवते. मूर्तीच्या संध्याकाळी मैत्रीण फिरकत नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी येते, पेटीकडे पाठ करून बसते आणि कालचं सगळं विचारून घेते.

डिसेंबरात १६ ते २४ तारखेपर्यंत पहाटेच्या मिस्सा असतात, चार वाजताच्या काळोखात. बाहेर केळीच्या पानावर भाजलेली तांदळाची बिबिंका मिळते, गरम, वर लोणी आणि किसलेलं खोबरं. लोला एक जास्त घेते. मैत्रीण म्हणते, ख्रिसमसचं मी खात नाही. लोला म्हणते, हे तांदळाचं आहे. यावर दरवर्षी तेच भांडण होतं आणि शेवटी ती बिबिंका आइस्क्रीमच्या डब्यात घालून फ्रीझरमध्ये जाते. (लोलाच्या फ्रीझरमध्ये आइस्क्रीमचे डबे पुष्कळ आहेत, आइस्क्रीम कशातच नाही. मी एकदा मोठ्या आशेने उघडला होता, आत बांगडे.) जानेवारीत मैत्रीण ती खाते. तोवर ती कशाचीच राहिलेली नसते.

नातेवाइकाचं लग्न ऐन पावसाळ्यात निघालं तेव्हा लोलाने कातिपुनानच्या क्लारिस्त मठात डझनभर अंडी नेऊन दिली. संत क्लाराला अंडी दिली की पाऊस थांबतो, अशी इथली श्रद्धा. लग्नात चर्चच्या दारापर्यंत पाणी आलं. मैत्रीण एवढी हसली की तिला ठसका लागला, आणि लोलाने पाठीवर थापट्या मारत तिला पाणी पाजलं. दोन डझन न्यायला हवी होती, एवढंच तिचं म्हणणं.

मंगळवारी दोघी मिळून बारांगायच्या दवाखान्यात रक्तदाबाच्या फुकट गोळ्या आणायला जातात. तिथल्या बाकावर तासभर नंबर लागत नाही आणि दोघींना त्याची तक्रारही नाही. परवा मी सोबत होते. मैत्रिणीचा दाब फार वर गेलेला निघाला, परिचारिकेने डॉक्टरांना बोलावलं, तिला आत नेलं. लोला बाहेर पुस्तिका चाळत बसली. तिच्या त्या मागच्या पानांवर मैत्रिणीचं नाव मला तरी दिसलं नाही, म्हणून मी विचारलं.

“पहिल्या मण्यावर आहे. लिहायला कशाला लागतं?” लोला म्हणाली आणि तिने दाराकडे पाहून आवाज उतरवला. “तिला सांगू नकोस हं. मारियामातेकडे तिच्यासाठी मागते हे कळलं तर दाब आणखी चढेल.”