किर्द-खतावणीतून संगणकावर: आमच्या विकास सोसायटीचा प्रवास

डिसेंबर २०१९ मध्ये महात्मा जोतिराव फुले कर्जमुक्ती योजना जाहीर झाली, तेव्हा मी आमच्या गावच्या विकास सोसायटीचा सचिव होतो. आजही आहे. १ एप्रिल २०१५ ते ३१ मार्च २०१९ या काळात उचललेलं पीक कर्ज, त्याची ३० सप्टेंबर २०१९ रोजीची थकबाकी मुद्दल-व्याजासह, आणि प्रत्येक खात्याला आधार क्रमांक, अशी माहिती भरून द्यायची होती. ती सगळी आमच्याकडे होती, पण सहा खतावण्यांत, म्हणजे सभासदांच्या खातेवह्यांत, विखुरलेली. कुणी मुद्दल कधी भरलं, कुणाचं व्याज कुठल्या पानावर ओढून नेलं, हे शोधायला मी आणि शिपाई रात्री अकरापर्यंत बसायचो.

मळ्यातल्या एका काकूंचं खातं वारलेल्या नवऱ्याच्या नावानंच राहिलं होतं. सातबाऱ्यावर वारसनोंद झालेली, आमच्या खतावणीत मात्र नव्हती. फेब्रुवारी २०२० मध्ये याद्या लागू लागल्या. काकूंचं नाव पहिल्या यादीत नव्हतं. पुढे तक्रार अर्ज करून ते काम झालं, पण मधले काही आठवडे त्या रोज सकाळी कार्यालयाच्या पायरीवर येऊन बसायच्या. "भाऊसाहेब, आज काय कळलं का?" एवढंच विचारायच्या. माहिती आपल्या कपाटात असूनही वेळेवर हाताला लागत नाही, तेव्हा त्याची किंमत कोण मोजतं, हे मी त्या पायरीवर पाहिलं.

जून २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रिमंडळानं देशातल्या ६३ हजार प्राथमिक कृषी पतसंस्थांच्या, म्हणजे आमच्यासारख्या विकास सोसायट्यांच्या, संगणकीकरणाला मंजुरी दिली. २,५१६ कोटींचा प्रकल्प, नाबार्डच्या देखरेखीखाली सगळ्यांना एकच सॉफ्टवेअर. आमची संस्था त्यात आली. संचालक मंडळाच्या बैठकीत पहिला सूर असा होता की आता पावत्या छापून मिळतील. माझीही कल्पना फार पुढची नव्हती.

खरं काम निघालं जुनी माहिती भरताना. ३१ मार्चची तेरीज, म्हणजे सगळ्या खात्यांच्या शिलकांचा ताळमेळ, जुळल्याशिवाय पुढे जाता येत नव्हतं, आणि तेरीज जुळायची तर प्रत्येक सभासदाचं भाग भांडवल, कर्ज, येणं व्याज सुटंसुटं जुळायला हवं. गावातलीच एक बी.कॉम. झालेली मुलगी मदतीला घेतली. पहिल्याच आठवड्यात तिनं विचारलं, "काका, हे एकाच नावाचे तिघं आहेत, यातला कोण कोण?" मला तोंडपाठ होतं: एक वरच्या आळीचा, एक माळवस्तीचा, तिसरा पुण्याला गेलेला. पण कागदावर तिघांत फरकच नव्हता. त्या दिवशी घरी जाताना मी बेचैन झालो. सव्वीस वर्षं संस्था माझ्या आठवणीवर चालली होती. मी उद्या नसलो तर वरच्या आळीच्या माणसाचं कर्ज माळवस्तीवाल्याच्या नावावर लागलं असतं.

मग ठरवलं, आधार आणि आठ-अचा उतारा पाहिल्याशिवाय एकही नाव भरायचं नाही. रविवारी वस्त्यांवर जायचो. तेरजेत ४१२ रुपयांचा फरक पडत होता, तो शोधायला अकरा दिवस गेले. तात्पुरत्या खात्यात टाकून मोकळं व्हा, असा सल्ला बऱ्याच जणांनी दिला. मी ऐकलं नाही. शेवटी तो सापडला एका सभासदाच्या भाग भांडवलाच्या कपातीत. रक्कम किर्दीला, म्हणजे रोजच्या जमाखर्चाच्या वहीत, होती, खतावणीत उतरलीच नव्हती. सभासदाला बोलावून ती नोंद दाखवली.

पुढचे काही महिने दोन्हीकडे लिहायचं होतं, हातानं किर्द आणि संगणकावर नोंद. हा काळ सर्वांत दमवणारा. वीज जायची, नेट अडखळायचं. शिवाय दिवस बंद केल्याखेरीज दुसऱ्या दिवसाची नोंद घेताच येत नसे. हंगामात चिठ्ठीवर टिपून ठेवायचं आणि रविवारी किर्द लिहायची, ही तालुक्यातल्या बहुतेक सचिवांची सवय. ती मोडावी लागली आणि ती मोडली हे फार चांगलं झालं. आज भरलेले पैसे आजच्या तारखेला दिसतात. तीन लाखांपर्यंतचं पीक कर्ज मुदतीत फेडलं तर केंद्राची सवलत आणि डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजना मिळून शेतकऱ्याला व्याज पडत नाही. सगळं 'मुदतीत' या एका शब्दावर अडलेलं असतं. एका दिवसाच्या फरकानं सवलत जाते. पूर्वी उचल आणि भरण्याच्या तारखांवरून दिवस मोजत सवलतीला पात्र सभासदांची यादी आम्ही हातानं करायचो, आणि चुकीची धास्ती महिनाभर असायची.

एका बाबतीत मात्र मला संचालक मंडळात भांडावं लागलं. नोंद करणारा एक आणि ती मंजूर करणारा दुसरा, अशी त्या व्यवस्थेची रचना आहे. गावात सगळे म्हणाले, "भाऊसाहेब, दोन्ही पासवर्ड तुमच्याकडेच ठेवा, आम्हाला कुठं रोज येता येतंय?" मी नाही म्हटलं. सहकारात जिथं जिथं पैसा बुडाला, तिथं कपाटाची आणि तिजोरीची किल्ली एकाच हातात होती. चेअरमन अण्णांना दोन दिवस राग होता. तिसऱ्या दिवशी ते स्वतः शिकायला बसले, वयाच्या अडुसष्टाव्या वर्षी. आता रोज संध्याकाळी सहाला येतात.

पण संगणकानं संस्थेत खरोखर काय बदललं, ते कळलं पुढच्या वर्षीच्या एका बैठकीत. त्या मुलीनं सहज म्हणून दोन याद्या काढून आणल्या. पहिली पिकानुसार कर्जाची. शंभरातले ऐंशी रुपये एकट्या उसावर होते. कारखान्याचं बिल लांबलं की आमची वसुली का कोलमडते, हे समोर लिहिलेलं होतं. दुसरी यादी भाग भांडवल असूनही पाच वर्षांत एकदाही कर्ज न उचललेल्या सभासदांची. १३७ नावं. अण्णांनी ती दोनदा वाचली आणि म्हणाले, "ही माणसं आपलीच आहेत, पण आपल्याकडे येण्यासारखं त्यांना आपण काय ठेवलंय?"

इतक्या वर्षांत हा प्रश्न मंडळात आला नव्हता. बैठकीत विषय असायचे मंजुरी, थकबाकी आणि कलम १०१ चे वसुली दाखले. त्या १३७ जणांपैकी बऱ्याच जणांशी आम्ही बोललो. कर्ज त्यांना नको होतं. खत वेळेवर हवं होतं, आणि उताऱ्यासाठी तालुक्याला जाणारा दिवस वाचायला हवा होता. २०२३ च्या जानेवारीत केंद्रानं आदर्श उपविधी पाठवले होते, त्यांत कर्जाखेरीज पंचवीसहून जास्त व्यवसाय करायची मुभा होती. आम्ही उपविधी दुरुस्त करून घेतले, बंद पडलेली खत विक्री पुन्हा सुरू केली आणि गावातच उतारे-दाखले मिळावेत म्हणून सेवा केंद्रासाठी अर्ज केला. भाजीपाल्याच्या कर्जाची मागणीही मंडळ आता वेगळी लावून पाहतं. हा निर्णय सॉफ्टवेअरनं घेतला नाही. तो तेरा संचालकांनी घेतला, पण पहिल्यांदा सगळ्यांच्या पुढ्यात एकच कागद होता.

अजून ५८ मयत सभासदांच्या वारसनोंदी बाकी आहेत. नोटीस लावून कुणी येत नाही, घरीच जावं लागतं. या रविवारी मळ्यात जायचं आहे. काकूंचा निरोप आलाय, तिथल्या चार घरांचे मृत्यू दाखले आणि फेरफार त्यांनी गोळा करून ठेवलेत.