नागपूर, मे महिना आणि ऑफिसातच चालणारा एआय

मेमध्ये नागपूरला कशाला मरायला जातोस असं घरचे म्हणत होते, पण मुद्दाम मेच निवडला, कारण कंपनीच्या स्वतःच्या मशीनवर एआय चालवून द्यायचा धंदा करायचा तर ४५ डिग्रीत ती सर्व्हरची खोली कशी असते ते आधी बघायला हवं ना.

पहिला दिवस हिंगणा एमआयडीसी. सीताबर्डीहून मेट्रोने लोकमान्य नगर, पुढे ऑटो. एका कारखान्यात २४ जीबी मेमरीचं ग्राफिक्स कार्ड लावून ओलामावर (आपल्याच मशीनवर मॉडेल चालवायचं सॉफ्टवेअर) ८ बिलियन पॅरामीटरचं, म्हणजे छोटंसं एआय मॉडेल चालू होतं, ड्रॉइंग आणि कोटेशन बाहेर जाऊ नयेत म्हणून. दोघं वापरायचे तोवर मस्त, सगळ्यांना दिलं तशी रांग लागली. वरून परचेसच्या एकाने काहीतरी विचारलं आणि उत्तरात पगाराच्या शीटमधले आकडे आले! आयटीचे दादा म्हणाले, "भाऊ, मॉडेल तं फुकटात भेटते, पण कोनाले कोनती फाईल दिसली पायजे हे कोन पाहून राह्यलं?"

मला वाटतं धंदा इथेच आहे. परवानग्या, कोणी काय विचारलं त्याचा लॉग, इंटरनेटशिवाय अपडेट, आणि मॉडेल बदललं की जुने प्रश्न परत विचारून उत्तरं बिघडली का ते तपासणं. रांगेचं व्हीएलएलएम नावाच्या सॉफ्टवेअरने बरंच भागतं, ते एकाच कार्डवर बऱ्याच जणांचे प्रश्न एकत्र हाकतं.

दुसऱ्या दिवशी खापरीला उतरून मिहान, म्हणजे विमानतळाजवळचा उद्योग-आयटीचा भाग, तिथे मोठ्या कंपन्यांची खरेदी दुसऱ्याच शहरातून ठरते, मी तरी परत जाणार नाही. तिसऱ्या दिवशी धंतोलीत एक सीए ऑफिस. संध्याकाळी एसी बंद करून सगळे घरी जातात आणि रात्रभर फायली वाचायचं काम लावलेलं कार्ड तापून स्लो होतं, एनव्हिडियाच्या आरटीएक्स ४०९० सारखं कार्ड ४५० वॅटपर्यंत खातं, म्हणजे बंद खोलीत छोटा हीटरच.

जाणार असाल तर भेटी सकाळी ११ च्या आत उरका, दुपारी कोणी भेटत नाही. ७० बिलियनचं मॉडेल ४ बिटमध्ये दाबून लहान केलं तरी नुसतं ३५ जीबी मेमरीच्या आसपास जातं, तेव्हा २४ च्या एका कार्डावर पळवून दाखवतो असा शब्द देऊ नका. डेमोला वायफाय त्यांच्यासमोर बंद करा, आणि त्यांचीच एखादी स्कॅन केलेली मराठी फाईल मागून घ्या, माझा डेमो तिथेच आपटला, जुना वाकडा स्कॅन ओसीआरला, म्हणजे स्कॅनमधली अक्षरं ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला, वाचताच आला नाही.