९५ मैल समुद्रात, ३८ मिनिटं हातात

रात्री पावणेदोनला फोन वाजला तेव्हा मी बूट काढून, पण मोजे घालून झोपलो होतो. ही सवय प्रशिक्षणात लागली आणि निवृत्तीनंतरही सुटलेली नाही. मालवाहू जहाज, किनाऱ्यापासून ९५ सागरी मैल, एका खलाशाचा हात हॅचच्या, म्हणजे डेकवरच्या माल उतरवायच्या तोंडाच्या, झाकणाखाली चिरडलेला, रक्त थांबत नाही. आमच्या भाषेत ही साधी फेरी. माणूस पाण्यात नाही, जहाज कुठे आहे ते माहीत आहे, शोधाशोध नाही. जायचं, उचलायचं, यायचं. याहून मोठ्या मोहिमा केल्या, पण लष्करी हेलिकॉप्टरवर शोध-बचावाच्या कामाला लागणारी पोरं विचारतात तेव्हा मी ह्याच फेरीबद्दल सांगतो. शिकवलेलं जवळजवळ सगळं त्या रात्री कामी आलं. एक गोष्ट मी विसरलो, तीही सांगतो.

मी विंचमन, म्हणजे केबलच्या टोकाला लटकून खाली जाणारा. उघड्या दारात गुडघे टेकून विंच, म्हणजे ती केबल वर-खाली करणारं यंत्र, चालवतो तो विंच ऑपरेटर. पुढे दोन पायलट. एवढीच माणसं.

पहिला सल्ला ऐकायला हलका वाटेल. इमर्शन सूट, म्हणजे थंड पाणी आत येऊ न देणारा अंगभर पोशाख, चढवण्याआधी लघवीला जाऊन या. घाईत हे राहतं, आणि मग तीन तास तुम्ही रुग्णापेक्षा स्वतःचाच विचार करत बसता. सुरी अशा जागी लावा की दोन्ही हातांनी काढता येईल. मनगटाची आणि गळ्याची रबरी पट्टी सोबत्याकडून तपासून घ्या, आपली आपल्याला दिसत नाही.

मी हे उरकत असताना पायलट इंधनाचं गणित मांडत होते. वारा जमिनीवरून समुद्राकडे, ३० नॉट, म्हणजे ताशी ३० सागरी मैल. आमचा वेग ११० धरला, तर जाताना पाठीवरच्या वाऱ्याने १४० मिळणार, ४१ मिनिटांत पोचणार. येताना तोच वारा तोंडावर, वेग ८०, म्हणजे ७१ मिनिटं. इंधन तीन तासांचं. त्यातला अर्धा तास राखीव, त्याला हात लावायचा नाही. जहाजावरच्या कामाला उरतात ३८ मिनिटं. पाठीवरचा वारा हा लबाड मित्र असतो, जाताना देतो ते येताना वसूल करतो. विंचमन असलात तरी हे गणित स्वतः करून बघा. खाली डेकवर रुग्णाजवळ बसलेले असताना वरून 'बारा मिनिटं' असं ऐकू आलं, तर ती बारा कुठून आली हे ठाऊक हवं. नाहीतर तुम्ही तिथे हुज्जत घालत बसाल.

उड्डाण झालं दोन वीसला. खाली काळोख, वर ढग, क्षितिज नाही. नाइट व्हिजन गॉगलमधून जग हिरवं दिसतं आणि जेमतेम ४० अंशांचं, नळीतून बघितल्यासारखं. अशा वेळी मला हमखास डंकर आठवतो.

डंकर म्हणजे पाण्याच्या टाकीवर टांगलेला हेलिकॉप्टरचा सांगाडा. तुम्हाला आत पट्ट्यांनी बांधतात, सांगाडा पाण्यात सोडतात आणि उलटा करतात. मुद्दाम छळायला नाही. इंजिनं आणि गिअरबॉक्स डोक्यावर असल्यामुळे पाण्यात पडलेलं हेलिकॉप्टर बहुधा उलटंच होतं. पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. पोहायला पट्टीचा होतो, त्यामुळे पाणी छातीला लागताच बक्कल सोडलं. सांगाडा फिरला आणि मीही आत गरगर फिरलो. नाकात पाणी, हाताला एक पाइप लागला, तो छताचा की जमिनीचा ते कळेना. सुरक्षेला ठेवलेल्या पाणबुड्याने कॉलर धरून बाहेर काढलं. प्रशिक्षक एवढंच म्हणाले, "पोहता येतं ना? म्हणूनच बुडालास."

तर डंकरसाठी: एक हात खिडकीच्या कडेवर, दुसरा बक्कलवर, आणि सगळी हालचाल थांबेपर्यंत दोन्ही तिथेच. बक्कल सर्वांत शेवटी. आसन हा पाण्याखालचा तुमचा एकमेव पत्ता आहे, तो आधीच सोडला तर दार शोधणार कुठून? उलटे झालात तरी डावा हात डावाच राहतो, हे वाक्य घोकून ठेवा. खिडकी बसताना उजवीकडे होती, तर उलटं झाल्यावरही उजवीकडेच आहे. अंगावरच्या छोट्या आणीबाणीच्या बाटलीतली हवा पाण्याखाली घेतली असेल तर वर येताना श्वास सोडत या, कोंडून धरू नका. दाबाखाली घेतलेली हवा वर येताना पसरते, आणि दीड-दोन मीटरसुद्धा फुप्फुसाला इजा व्हायला पुरतात.

दुसरं शिक्षण जास्त अवघड होतं आणि त्यात पाणी अजिबात नव्हतं. ते होतं बोलणं. विंच दाराबाहेर, उजव्या बाजूला. पायलटला खाली नेमकं काय आहे ते दिसत नाही. त्याला नेतो तो ऑपरेटरचा आवाज: "पुढे आठ, पुढे सहा, पुढे चार, उजवीकडे दोन, पुढे एक, स्थिर." हे बोलणं अखंड चालू ठेवायचं, एका लयीत. आकडे उतरत्या वेगाने आले की पायलटचा हातही तसाच मंदावतो. ऑपरेटर घाबरून चढ्या आवाजात बोलला की हेलिकॉप्टर डगमगतं, हे मी लटकलेला असताना कमरेत अनुभवलंय. विंचमन व्हायचं असलं तरी काही दिवस दारातली ती जागा मागून घ्या आणि स्वतःचं बोलणं रेकॉर्ड करून ऐका. मला माझं ऐकून लाज वाटली होती. सगळ्या आकड्यांच्या मधे 'अं... अं...' आणि त्या प्रत्येक 'अं'ला पायलट आंधळा.

आमच्याकडे एक म्हातारे प्रशिक्षक जुन्या गोष्टी फार सांगत. एप्रिल १९४४ मध्ये कार्टर हार्मन नावाच्या अमेरिकन पायलटने ब्रह्मदेशाच्या जंगलातून चौघांना बाहेर काढलं. त्याच्या यंत्रात एका वेळी एकच माणूस मावायचा, म्हणून चार फेऱ्या. हेलिकॉप्टरने युद्धात केलेला हा पहिला बचाव. मग २९ नोव्हेंबर १९४५, अमेरिकेत कनेक्टिकटच्या किनाऱ्याजवळ वादळात अडकलेली तेलाची बार्ज, म्हणजे सपाट तळाची मालवाहू नौका, आणि तीवर दोन माणसं. विंचने उचलून केलेला पहिला बचाव तो. दुसऱ्या माणसाला घेताना विंच अडकली आणि त्याला तसाच लटकत किनाऱ्यावर आणला. "म्हणजे विंच पहिल्या दिवसापासून अडकतेय," प्रशिक्षक म्हणायचे, "तुमच्यावरच डूख धरून नाही."

जहाज दिसलं तीन वाजून एक मिनिटाने. कप्तानाला आधीच सांगितलं होतं की वारा डाव्या नाळेवर, म्हणजे जहाजाच्या पुढच्या टोकाच्या डावीकडून, साधारण ३० अंशांतून येईल अशी दिशा धर आणि वेग बदलू नकोस. हेलिकॉप्टर वाऱ्याला तोंड देऊन जहाजाच्या डाव्या अंगाला राहतं, म्हणजे उजवीकडे बसलेल्या पायलटला जहाज दिसत राहतं. डेकवरच्या सुट्या वस्तू बांधायलाही सांगितलं होतं. रोटरखालचा, म्हणजे हेलिकॉप्टरच्या डोक्यावरच्या पंख्याखालचा, वारा ताडपत्री उचलून वर फेकतो, आणि ती रोटरमध्ये गेली तर सगळ्यांचाच कार्यक्रम आटोपला.

क्रेनांच्या मधे जागा अरुंद, म्हणून हाय-लाइनने जायचं ठरलं. आधी वजन लावलेली दोरी डेकवर सोडायची. खलाशांनी ती हातात धरायची. हेलिकॉप्टर बाजूला सरकतं, दोरीचं दुसरं टोक हुकला जोडतात आणि मग विंचमन तिरका खाली येतो, डेकवरचे लोक त्याला ओढून घेतात. या दोरीला एक मुद्दाम कच्चा दुवा असतो, जास्त ताण आला की तुटणारा. आणि एक नियम: दोरी जहाजाला कुठेही बांधायची नाही.

खलाशी म्हणजे दोरी हातात आली की बांधणारच. मी निम्म्यावर आलो तेव्हा खालच्या माणसाने सवयीने दोन वेढे घेऊन ती कठड्याला बांधलेली दिसली. जहाज लाटेबरोबर खाली जाई, दोरी ताठ होई, आणि मी घंटेच्या लोलकासारखा क्रेनकडे झोके घेई. हेडसेटमध्ये ऑपरेटरचा आवाज मात्र तस्साच: "उतरवणं थांबवलंय. दोरी बांधली आहे. विंचमन वीस फुटांवर. स्थिर." पायलटने रेडिओवर कप्तानाला सांगितलं, कप्तानाने लाउडस्पीकरवर, मग खालच्याने सोडली. दोन मिनिटं लागली असतील. त्या दोन मिनिटांत करण्यासारखं काहीच नव्हतं, आणि काहीच न करणं हेही शिकावं लागतं. मी गुडघे जवळ घेतले आणि त्याचे आकडे ऐकत राहिलो.

आणि मग मी चुकलो. डेक जवळ आला, कठडा समोर आला, आणि मला इतकं हायसं वाटलं की मी हात पुढे केला. ऑपरेटर म्हणत होता, "अर्थिंग आधी, अर्थिंग आधी." हवेत फिरणाऱ्या रोटरमुळे हेलिकॉप्टरवर स्थिर विजेचा भार साठतो, हजारो व्होल्टचा. म्हणून हुकखालची अर्थिंगची तार आधी टेकवायची, मग माणसाने. मी आधी टेकलो. खांद्यापर्यंत असा फटका बसला की उजवी बोटं मिनिटभर माझी नव्हती, आणि पुढचं काम होतं टूर्निके, म्हणजे रक्त थांबवायला हातावर आवळायची पट्टी, बांधण्याचं.

रुग्ण तिशीचा असेल, पांढराफटक पडलेला. सहकाऱ्यांनी कापड आवळून बांधलं होतं. ते बरंच बांधलं होतं, पण गळत होतंच. टूर्निके घट्ट केलं, वेळ लिहिली: तीन सतरा. ही वेळ लिहाच, आणि रुग्णाच्या अंगावर लिहा, कागद उडून जातो. त्याची औषधं आणि कागदपत्रं एका पिशवीत घालून स्ट्रेचरला आत बांधली. कानाला संरक्षण, डोळ्यांवर गॉगल. केबलखाली जाण्याआधी जे सांगायचं ते जहाजाच्या आडोशाला सांगून घ्या, नंतर फक्त गोंगाट असतो. त्याला माझी भाषा कळत नव्हती. मी वर बोट दाखवलं, झोपल्यासारखा हात केला, मग माझ्या छातीवर हात ठेवला: मी बरोबर आहे.

पाण्यातला माणूस उचलायचा असता तर वेगळं. थंड पाण्यात पडलेल्याचा हिशेब १-१०-१ असा शिकवतात: श्वास ताब्यात आणायला १ मिनिट, हातपाय चालतील अशी १० मिनिटं, शुद्ध हरपायला साधारण १ तास. अशा माणसाला काखेत पट्टा घालून उभा उचलला तर पाण्याचा दाब सुटतो, रक्त पायांकडे उतरतं आणि तो उचलताना कोसळू शकतो. म्हणून दोन पट्टे, एक काखेत, एक गुडघ्यांखाली, शक्यतो आडवा. आणि एकेरी पट्ट्यात असलेल्याला हात वर करू देऊ नका. आनंदाने दोन्ही हात वर करणारी माणसं असतात, पट्ट्यातून सरळ निसटतात.

स्ट्रेचर वर गेलं तीन चौतीसला, बाजूला मी. हाय-लाइन खालून ताणलेली, त्यामुळे स्ट्रेचर भोवऱ्यासारखं फिरलं नाही. ती नसेल तर रोटरच्या वाऱ्यात ते असं गरगरतं की रुग्ण आणि तुम्ही दोघेही ओकता. दारात ऑपरेटरने माझी कॉलर धरून आत घेतलं. डंकरातल्या पाणबुड्यासारखीच.

येतानाच्या ७१ मिनिटांबद्दल सांगण्यासारखं काही नाही. नाडी मोजली, टूर्निके पाहिलं, पुन्हा नाडी. तळावर रुग्णवाहिका उभी होती, पाच वाजायच्या आत तो तिच्यात होता. हात वाचला की नाही ते आम्हाला कळलं नाही. बहुतेक वेळा कळत नाही, त्याची तयारी ठेवा.

मग खरं कंटाळवाणं काम. खारं पाणी गोड्या पाण्याने धुवायचं, हार्नेसची शिवण न् शिवण बघायची. केबल पूर्ण बाहेर काढून तपासायची. जेमतेम पाच मिलिमीटर जाडीची, पण आत १३३ तारा असतात, सात-सात तारांचे १९ पेड. ऑपरेटर सुती चिंधीतून ती हळूहळू ओढत होता, मी मीटर मोजत होतो. एका जागी चिंधी अडकली. त्याने बॅटरी धरली, नखाने चाचपलं. एक तार तुटून काट्यासारखी उभी होती.

"माझी बोटं अजून बधिर आहेत," मी म्हणालो.

"तुला सांगत होतो अर्थिंग आधी," तो म्हणाला, आणि नवीन केबल आणायला गेला. सव्वासहाला आम्ही पुन्हा तयारीत असल्याची नोंद केली.