मिठाला पाणी सुटते

मृगाचा पाऊस स्थिरावला की आमच्या फोंड्याच्या स्वयंपाकघरात मिठाला पाणी सुटते. यंदा ते जरा जास्तच सुटले. पावसाळ्याची बेगमी, म्हणजे आमच्याकडचे पुरुमेंत, भरताना सोले, मिरच्या यांच्याबरोबर मिठागराचे खडे मीठही घेतले होते, आणि घाईघाईने मी ते तसेच चिनी मातीच्या बरणीत ओतले. परवा आत हात घातला तर बोटांना ओले, बुळबुळीत खडे लागले आणि तळाशी दोन बोटे पाणी साचलेले दिसले. वरून पाण्याचा एक थेंबही पडला नव्हता.

खरे तर मीठ हे भलतेच घट्ट प्रकरण आहे. सोडियमने आपला एक इलेक्ट्रॉन क्लोरीनला देऊन टाकलेला असतो, त्यामुळे एकावर धन आणि दुसऱ्यावर ऋण भार येतो, आणि स्फटिकात प्रत्येकाभोवती विरुद्ध भाराचे सहा शेजारी खेटून बसतात. शाळेत आम्ही ‘मिठाचा रेणू’ असे बिनदिक्कत लिहीत असू आणि त्याला गुणही मिळत. पण खड्यातून असा एक रेणू वेगळा काढून दाखवताच येत नाही, कारण सगळ्यांची पकड सगळ्यांवर असते. ही पकड उष्णतेने सोडवायची तर ८०१ अंश सेल्सिअस तापमान हवे. कढईत कितीही वेळ परतले तरी मीठ फार तर तडतडते, वितळत नाही.

जे काम कढईला जमत नाही ते हवेतली वाफ बिनबोभाट करते. पाण्याचा रेणू सरळ नसून १०४.५ अंशांच्या कोनात वाकलेला असतो. त्यातला ऑक्सिजन इलेक्ट्रॉन आपल्याकडे ओढून धरतो, म्हणून त्याची बाजू किंचित ऋण आणि हायड्रोजनची बाजू किंचित धन राहते. या ‘किंचित’पणावरच सारे चालते. पाण्याचे रेणू ज्या हायड्रोजन बंधाने एकमेकांना धरतात, तो रेणूच्या आतल्या बंधाच्या सुमारे विसाव्या हिश्श्याइतकाच बळकट असतो. पण तेवढ्यावर पाणी १०० अंशांपर्यंत द्रव राहते, आणि त्याच घडणीचा, वजनाने जवळजवळ दुप्पट असलेला हायड्रोजन सल्फाइड मात्र उणे ६० अंशांनाच उकळून वायू होतो. हेच रेणू मिठाच्या खड्याला वेढतात, सोडियमकडे ऑक्सिजनची बाजू आणि क्लोराइडकडे हायड्रोजनची बाजू करतात, आणि एकेकाला उचलून नेतात. पाण्यात त्या दोघांमधली ओढ सुमारे ऐंशी पटींनी कमी होते. शेजारच्या खोबरेल तेलाला हे साधत नाही, कारण त्याच्या रेणूंच्या लांब शेपट्यांवर असा भारच नसतो.

तरीही माझ्या बरणीतला खरा गुन्हेगार सोडियम नव्हे. शुद्ध मीठ हवेतले पाणी ओढून विरघळू लागते ते सापेक्ष आर्द्रता ७५ टक्क्यांवर गेली की. पण समुद्राच्या मिठात थोडे मॅग्नेशियम क्लोराइडही असते, आणि त्याला ३३ टक्के पुरतात. मॅग्नेशियमचा आयन, म्हणजे भार आलेला अणू, सोडियमच्या आयनापेक्षा लहान, त्यात त्याच्यावरचा भार दुप्पट. सहा पाण्याचे रेणू तो आपल्याभोवती असे आवळून बसतो की कोरड्या स्फटिकातही ते त्याच्याबरोबरच राहतात. अशा हावरटापुढे आमचा आषाढ म्हणजे मेजवानीच.

भाजलेले तांदूळ बरणीत टाकण्याचा उपाय मी करून पाहिला. पिष्टालाही हायड्रोजन बंधाने पाणी धरता येते, हे खरे. पण दोन दिवसांत तांदूळच मऊ झाले आणि भातात शिते वेचावीत तसे मिठातून तांदूळ वेचत बसण्याची पाळी आली.

आई दारातून हे सारे पाहत होती. ‘‘टोपलीत ठेवलं नव्हतंस?’’ एवढेच तिने विचारले. ती मे महिन्यातच नवे मीठ बांबूच्या टोपलीत भरून दोन करवंट्यांवर टेकवते, खाली परात ठेवते आणि आठ-दहा दिवस त्याकडे पाहतही नाही. मॅग्नेशियम उन्हाळ्याच्या हवेतूनही पाणी ओढते, त्यात स्वतः विरघळते आणि निथळून जाते. मागे उरते ते पुष्कळ शहाणे मीठ. तिच्या भाषेत याला ‘कडू पाणी जाऊ देणे’ म्हणतात.

काल रात्री उशिराने का होईना, मी टोपली टेकवली. सकाळी परातीत वाटीभर गढूळ, तेलकट वाटणारे पाणी जमले होते. बोट बुडवून जिभेवर टेकवले. खारटपणा क्षणभरच लागला आणि मागून जी कडू चव आली, ती चहा पिऊनही गेली नाही.