पीटीच्या तासाला कच्चा लिंबू नको

गल्लीत खेळताना लहान भावाला घ्यावंच लागलं की त्याला कच्चा लिंबू करतात, म्हणजे पळणार तो सगळ्यांबरोबर, पण आऊट झाला तरी आऊट नाही आणि त्यानं कुणाला शिवलं तरी धरायचं नाही. चार वर्षांच्या पोराला ठीक आहे. पण सातवीतल्या पोरीला, एक पाय अधू आहे म्हणून, पीटीच्या तासाला तसंच खेळवायचं हे मला अजिबात पटत नाही, तिला लगेच कळतं ना की आपण खेळात धरलेलोच नाही.

मी इथं सोलापुरात पीटी शिकवतो आणि माझं म्हणणं एवढंच, पोराला सूट देऊ नका, खेळाचा नियम बदला. अंधांच्या क्रिकेटमध्ये बघा, अकरा जणांत किमान ४ पूर्ण अंध खेळाडू लागतातच आणि त्यांचे रन डबल धरतात, म्हणजे ते टीमला हवेच असतात!

आमच्या खो-खोत ती पोरगी खो घेऊन उठली की पुढचा खो पडेपर्यंत समोरच्यानं लंगडी घालतच पळायचं. आता दोन्ही टीम म्हणतात सर, तिला आमच्यात द्या. कमी ऐकू येणाऱ्या पोराला पण हा खेळ झकास, कारण खो देताना पाठीला हात लावावाच लागतो, नुसतं ओरडून चालत नाही. शिट्टीबरोबर रुमाल हलवला की झालं.

डॉजबॉलमध्ये मात्र बॉलला घाबरणारं पोरगंच पहिलं आऊट होतं आणि तासभर कट्ट्यावर बसतं, मग त्याची भीती जाणार कधी? म्हणून आऊट झालेल्यानं समोरच्या टीमच्या मागं जाऊन तिथनं मारायचं, कुणाला लागला की परत आत.

मार्चनंतर आपल्याकडं ग्राउंडवर उभं राहवत नाही, तेव्हा हॉलमध्ये सतरंज्या टाकून बसून व्हॉलीबॉल. पॅरालिंपिकमध्ये हा खेळ आहे, कोर्ट १० बाय ६ मीटर, पुरुषांचं नेट १.१५ मीटर, आम्ही नुसती दोरी बांधतो. बॉल मारताना बूड उचललं की फाऊल, सगळ्यांनाच. कुबड्यांवर चालणाऱ्या पोराच्या खांद्यात काय ताकद असते ते त्याची सर्व्हिस बघून वर्गाला कळतं.

आणि टीम पाडताना दोन कॅप्टनना पोरं निवडायला लावू नका, सगळ्यात शेवटी कोण उरणार हे त्या पोराला आधीच माहीत असतं. ओळीत उभं करून एक-दोन, एक-दोन मोजा, एकवाले इकडं, दोनवाले तिकडं.