बाजार वसुलीचा ठेका आणि ‘त्रयस्थ पक्ष’: एका करारनाम्यासाठी साडेतीन महिने

आमच्या गावात गुरुवारचा बाजार भरतो. आई गेली २२ वर्षं तिथे मेथी, शेपू, कोथिंबीर घेऊन बसते. मे महिन्यात एका गुरुवारी घरी आल्यावर तिने कनवटीला खोचलेली पावती काढून माझ्यापुढे धरली. गुलाबी कागद, वर नगरपरिषदेचं नाव, खाली ठेकेदाराचा रबरी शिक्का आणि रकमेच्या जागी पेनाने ओढलेली नुसती रेघ. “तीस घेतले. मागच्या बाजारी वीस होते. विचारलं तर म्हणतो, परवडत नसंल तर ऊठ.”

तो ‘ऊठ’ माझ्या डोक्यातून जाईना. बाजार नगरपरिषदेचा, जागा नगरपरिषदेची, पावतीवर नाव नगरपरिषदेचं. मग दर किती ठरलाय हे आम्हाला कळायला नको?

दुसऱ्या दिवशी नगरपरिषदेत गेलो. बाजार विभागात सांगितलं, “वसुली ठेक्यावर दिलीय, ठेकेदाराला विचारा.” ठेकेदाराचा माणूस म्हणाला, “नगरपरिषदेला विचारा.” तेव्हा माहिती अधिकाराचा अर्ज करायचं ठरवलं.

अर्ज करणं खरंच सोपं आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही. जोडपत्र ‘अ’चा नमुना, त्यावर १० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प, आवक-जावकला देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का आणि आवक क्रमांक घ्यायचा. माझ्या पहिल्या कच्च्या अर्जात ११ प्रश्न होते आणि त्यातले निम्मे ‘का’ने सुरू होत होते. ते सगळे खोडले. ‘का’ विचारलं की ‘माहिती उपलब्ध नाही’ असं उत्तर येतं. कागदाचं नाव घालून मागायचं: बाजार फी वसुलीच्या ठेक्याचा करारनामा, निविदेच्या अटी-शर्ती, दर मंजूर केल्याचा सर्वसाधारण सभेचा ठराव आणि दरपत्रक. महाराष्ट्राच्या नियमांत एका अर्जाला एकच विषय आणि साधारण १५० शब्द अशी मर्यादा आहे, ती पाळा. नाहीतर अर्ज परत करायला तेवढं कारण पुरतं.

अर्ज दिला ३ जूनला. १ जुलैला पत्र आलं, तीन ओळींचं. ‘मागितलेली माहिती त्रयस्थ पक्षाच्या वाणिज्यिक गोपनीयतेशी संबंधित असून त्रयस्थ पक्षाची संमती नसल्याने कलम ८(१)(घ) अन्वये देता येत नाही.’

त्रयस्थ पक्ष म्हणजे मी आणि नगरपरिषद सोडून तिसरा, इथे ठेकेदार. हे पत्र मी किती वेळा वाचलं असेन सांगता येत नाही. त्यातला एकेक शब्द वकिली, आणि वाचणाऱ्याने गप्प बसावं म्हणूनच लिहिल्यासारखा. खरं सांगतो, दोन दिवस मी गप्प बसलोसुद्धा. मग कायदाच काढून वाचायला घेतला. मराठीत आहे, आणि वाटतो तेवढा अवघड नाही.

कलम ११ मध्ये काय आहे ते नीट बघा, कारण नेमकं इथेच अडवतात. माहिती त्रयस्थाने दिलेली असेल आणि त्याने ती गोपनीय मानलेली असेल, तर अधिकाऱ्याने अर्ज मिळाल्यापासून ५ दिवसांत त्याला लेखी नोटीस द्यायची. त्याला म्हणणं मांडायला १० दिवस मिळतात. त्याचं म्हणणं विचारात घ्यायचं, पण निर्णय अधिकाऱ्याचाच. ठेकेदार ‘नको’ म्हणाला म्हणून विषय संपला, असं त्या कलमात कुठेही लिहिलेलं नाही. आणि ८(१)(घ) लावायचं तर माहिती दिल्याने त्याच्या स्पर्धेतल्या स्थानाला धक्का बसतो हे दाखवावं लागतं. त्यातही व्यापक लोकहित असेल तर माहिती देता येते. लिलाव झाला, ठेका मिळाला, वसुली सुरू झाली. आता कोथिंबिरीच्या जुडीमागे बसलेल्या बाईकडून किती घ्यायचे यात कसलं व्यापारी गुपित?

९ जुलैला प्रथम अपील केलं. जोडपत्र ‘ब’, २० रुपयांचा स्टॅम्प. उत्तर मिळाल्यापासून ३० दिवसांत करावं लागतं, ती तारीख चुकवू नका. अपिलात मी एक गोष्ट मुद्दाम मागितली: त्रयस्थ पक्षाला पाठवलेल्या नोटिशीची आणि त्याच्या लेखी हरकतीची प्रत.

सुनावणीची पहिली तारीख ४ ऑगस्ट. गेलो, तर अपील ऐकणारे साहेब दौऱ्यावर. दुसरी तारीख १८ ऑगस्ट. अकराला बोलावलं होतं, अडीचला सांगितलं की आज होणार नाही. त्या लाकडी बाकावर बसून मी समोरचा फलक पाठ केला: ‘जन माहिती अधिकारी’, नाव, पद, दूरध्वनी क्रमांक. नावाची पट्टी दुसऱ्याच कुणाची, बदलून गेलेल्या माणसाची. एक कारकून चहा पिता पिता म्हणाले, “अहो, दहा रुपयांसाठी कशाला एवढे हेलपाटे? ठेकेदाराला सांगतो, तुमच्या आईकडून कमी घेईल.” बोलण्यात वाईट हेतू नव्हता, हे कळत होतं. पण बाजारात आईसारख्या शंभर जणी तरी बसतात. मी मान हलवून नाही म्हटलं. अपील ३० दिवसांत, फार तर कारण लिहून ४५ दिवसांत निकाली काढायचं असतं. ती मुदतही २३ ऑगस्टला उलटली.

१ सप्टेंबरला एकदाची सुनावणी झाली. मी एकच मुद्दा धरून बसलो: कलम १९(५) प्रमाणे माहिती नाकारणं योग्य होतं हे सिद्ध करायची जबाबदारी नाकारणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे, माझ्यावर नाही. तेव्हा नोटीस आणि हरकत दाखवा. माहिती अधिकाऱ्यांनी फाईल मागेपुढे चाळली. पुन्हा चाळली. मग हळू आवाजात म्हणाले, “फोनवर विचारलं होतं.” नोटीस नाही, हरकतीचं पत्र नाही, कागदाचा एक चिटोरा नाही. तीन महिने मला ज्या ‘त्रयस्थ पक्षा’ने अडवलं होतं, तो एक फोन होता.

आदेश झाला: १५ दिवसांत कागद द्या, ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक आणि पॅन तेवढा झाकून. त्याला माझी हरकत नव्हतीच, कलम १० मध्ये तशी सोय आहे. खरोखर खाजगी असेल तेवढं झाकायचं, बाकीचं द्यायचं. ४६ पानं, २ रुपयांप्रमाणे ९२ रुपये भरले आणि २२ सप्टेंबरला गठ्ठा हातात आला.

ठरावातला दर: डोक्यावरची पाटी १० रुपये, जमिनीवरची जागा १५ रुपये. करारनाम्यात पुढे अट, की दरफलक बाजाराच्या दर्शनी भागात लावावा आणि छापील क्रमांकाची, रक्कम लिहिलेली पावती द्यावी. दोन्ही अटी आमच्या बाजारात कुणी कधी बघितल्या नव्हत्या. घरी येऊन आईला ते पान वाचून दाखवलं. तिने “पंधरा कुठं लिहिलंय?” विचारत आकड्यावर बोट ठेवलं आणि बराच वेळ ते काढलं नाही. मला फार बरं वाटलं.

त्या पानाच्या झेरॉक्स बाजारात वाटल्या. मुख्याधिकाऱ्यांकडे तक्रार दिली, तिला करारनाम्याचं पान जोडलं. तीन आठवड्यांनी फलक लागला. वसुलीवाला आता १५ घेतो, पावतीवर १५ लिहितो.

काही गोष्टी मला उशिरा कळल्या. नोव्हेंबर २०१८ मध्ये शासनाने परिपत्रक काढलंय, की जिल्हा पातळीवरच्या आणि स्थानिक स्वराज्य संस्थांच्या कार्यालयांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ नागरिकांना अभिलेख बघू द्यायचे. आधी तिथे जाऊन फाईल बघितली असती, तर कोणतं पान मागायचं ते नेमकं कळलं असतं. परिपत्रकाची प्रत खिशात ठेवा, कारण टेबलावरच्या माणसाला ते माहीत असेलच असं नाही. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला अर्जाची फी लागत नाही, फक्त दाखला जोडायचा. पहिल्या अपिलातही काही झालं नाही, तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाकडे दुसरं अपील करता येतं. मला तिथवर जावं लागलं नाही.

आणि जुन्या पावत्या फेकू नका. आईने त्या रेघ ओढलेल्या गुलाबी पावत्या तांदळाच्या डब्यात जपून ठेवल्या होत्या, म्हणून तक्रारीला जोडायला सात सापडल्या.